नऊ आठवड्यांच्या आतल्या गोळ्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी कोल्हापुरातली निवृत्त परिचारिका. गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याकडची एक बाई ओळखीने माझ्याकडे आली. दोन लेकरं पदरी, गरोदरपणाचा सातवा आठवडा, गर्भपाताच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी हातात. चार मेडिकलांत एकच उत्तर मिळालं, "त्या गोळ्या आम्ही ठेवत नाही, तपासणीची कटकट नको." शेवटी पिशवी साफ करून घ्यावी लागली. भूल, मुक्काम, वर ऐन लावणीत नवऱ्याचे दोन दिवस गेले.

दुकानदार घाबरतात ते मुलींच्या गर्भपाताच्या संशयाला. आपल्या जिल्ह्यात २००१ साली सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या, २०११ साली ८६३. हे दुखणं मलाही आहे. पण ही गोळी काय करते ते एकदा नीट पाहा.

गर्भ रुजतो गर्भाशयाच्या अस्तरात. ते जाड आणि रक्ताने भरलेलं राहतं प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे. मिफेप्रिस्टोन ही पहिली गोळी प्रोजेस्टेरॉन तयार होणं थांबवत नाही. पेशीत ते जिथे चिकटतं, ती जागाच अडवून बसते. पाटाला पाणी आहे, पण शेताचं दारं बंद. मग अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, अस्तर सुटू लागतं, गर्भाची पकड जाते. गर्भाशयाचं तोंड मऊ होतं, स्नायू आकुंचनाला तयार होतात, म्हणून एक-दोन दिवसांनी घेतलेलं दुसरं औषध, मिसोप्रोस्टॉल, काम पुरं करतं. गर्भ गर्भाशयाबाहेर नळीत असेल तर मात्र या गोळ्यांनी तो निघत नाही आणि जिवावर बेततं. त्यामुळे चोरून, चिठ्ठीशिवाय विक्री नकोच.

आपल्याकडे या गोळ्यांना मुभा ९ आठवड्यांपर्यंतच आहे. सोनोग्राफीत लिंग साधारण बाराव्या आठवड्याआधी खात्रीने कळतच नाही. मग दुकानातून गोळ्या हद्दपार करून कोणती मुलगी वाचली, साहेब? लिंगनिदान करणाऱ्यांवर छापे घाला, आणखी कडक घाला. मी स्वतः साक्षीला उभी राहीन.

चिठ्ठीवर गोळी देणाऱ्या दुकानदाराला त्रास होणार नाही, असं औषध प्रशासनाकडून लेखी काढून घ्या. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, चंदगड इथल्या सरकारी दवाखान्यांत प्रशिक्षित डॉक्टरांकडे साठा ठेवा. तिथून सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातलं मोठं सरकारी रुग्णालय, किती लांब पडतं, हे आपल्याला मी काय सांगावं.

यंदाच्या लावणीआधी झालं तर बरं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, कोल्हापूर