वैरागडची खाण दाखवायची तर

प्रति,
मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या अंकात जुन्या सोन्याच्या खाणींवरच्या पर्यटनाचा लेख आला होता. कर्नाटकातलं कोलार, ऑस्ट्रेलियातलं बॅलरॅट, जपानचं साडो बेट. वाचताना गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यातल्या कुणालाही आपलं वैरागड आठवेल. इथे सोनं नाही, हिरे निघत. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त इथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद करून ठेवली आहे. खोबरागडी आणि सातनाल्याच्या पाण्याजवळ उभा असलेला गोंड राजांच्या काळचा किल्ला, त्याचा खंदक, भंडारेश्वराचं देऊळ आणि सातनाल्याच्या बाजूची ती लालसर मुरमाड जमीन, एवढं सगळं एका गावात आहे. वडसा रेल्वे स्टेशनही फार लांब नाही.

वैरागडला पर्यटन आणू, हे आम्ही भाषणांतून पुष्कळ ऐकलं आहे. ते यावंच, असं मलाही मनापासून वाटतं. पण आलेल्या माणसाला आपण तिथे काय दाखवणार आहोत, हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

‘हिऱ्यांची नगरी’ असे फलक लावले की काय होईल, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. आपल्याकडे गुप्तधनाच्या नादाने किल्ले, गढ्या, पडकी देवळं रातोरात खणली जातात. मूर्ती उखडतात, पाया पोखरतात, वर अंधश्रद्धेचे अघोरी प्रकार वेगळेच. अशा मुलखात खजिन्याची जाहिरात केली तर पर्यटकाआधी कुदळ-फावडं पोचेल. म्हणून वैरागडला दाखवायचं ते काम दाखवा. जमीन कशी खणत असतील, खडी-माती पाण्यावर कशी धूत असतील, हाताने कशी निवडत असतील, दिवसभर वाकून राबणाऱ्याच्या पदरात काय पडत असेल आणि राजाकडे काय जात असेल, हे सगळं.

बॅलरॅटच्या ‘सोव्हरिन हिल’चं यश याच गोष्टीत आहे. तिथे 1851 साली सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं लोटली. 1970 मध्ये त्याच ठिकाणी त्या काळची वसाहत पुन्हा उभी केली गेली. आजही लोक तिथल्या ओढ्यातली रेती पाटीत घेऊन धुतात, कणभर सोनं मिळालं तर घरी नेतात. शाळेची मुलं त्या काळचे कपडे घालून त्या काळच्या वर्गात बसतात. चिनी खाणकामगारांची वस्तीही दाखवली आहे. आणि हे सगळं चालवते ती नफा न घेणारी संस्था.

साडोची गोष्ट तर आपल्या अधिकाऱ्यांनी मुद्दाम वाचावी. ती सोन्याची खाण 2024 मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, पण सहजासहजी नाही. दुसऱ्या महायुद्धात कोरियातून आणून तिथे राबवलेल्या मजुरांचा इतिहास झाकून वारसा कसा सांगणार, असा आक्षेप दक्षिण कोरियाने घेतला. तो इतिहास मांडायचं जपानने कबूल केलं, तेव्हा कोरियाची संमती मिळाली.

कोलार आपल्याच देशातलं. तीन किलोमीटरहून खोल गेलेली खाण, 1902 साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून आणलेली वीज, सगळं अभिमानाने सांगितलं जातं. 28 फेब्रुवारी 2001 ला खाण बंद झाली, तेव्हापासून त्या वसाहतीतली माणसं रोजगारासाठी रोज रेल्वेने बंगळुरू गाठतात. सायनाइड वापरून सोनं काढल्यावर उरलेल्या मातीचे डोंगर गावाला लागूनच आहेत, वाऱ्यावर त्यांची धूळ उडते. तिथे फिरायला जाणाऱ्याला हे ढिगारेही समजावून सांगायला हवेत. सुरजागडचं लोहखनिज ज्या जिल्ह्यातून निघतं आहे, त्या जिल्ह्याने तर ते जाऊन पाहावंच.

आपल्या भागात सोनझारीही आहेत. नदी-नाल्याची रेती धुऊन सोन्याचे कण काढणं हा त्यांचा पिढीजात धंदा. पुढे सराफा ओळीतली माती आणि नालीतला गाळ धुऊन पोट भरायची पाळी त्यांच्यावर आली. हे हातचं कसब कोणत्या संग्रहालयात ठेवलंय? वैरागडला माती धुण्याचं प्रात्यक्षिक दाखवायचं असेल तर त्यांच्यापेक्षा चांगला शिक्षक मिळणार नाही. त्यांना मान देऊन, मानधन देऊन बोलवावं.

आणि गोष्ट सांगायला वडशाची झाडीपट्टी रंगभूमी घरचीच आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्रभर नाटक रंगतं. तिकीट काढून, थंडीत चादर पांघरून पहाटेपर्यंत बसणारा प्रेक्षक आपल्याकडे आहे. खाणीत राबलेल्या माणसांवर, गोंड राजांच्या कारभारावर एक चांगलं नाटक आपल्या लेखकांकडून लिहून घ्या, किल्ल्याला धक्का न लावता गावात त्याचा प्रयोग ठेवा. मुंबईच्या कंपनीचा लाइट अँड साउंड शो आणायची गरजच पडणार नाही.

नागपूरजवळ सावनेरला कोळसा खाण पर्यटकांना दाखवायचा उपक्रम वेस्टर्न कोलफिल्ड्सने केला, तेव्हा खाण पाहायला माणूस येतो हे विदर्भात सिद्ध झालं आहे. ताडोब्याला आणि मार्कंड्याला येणारी गर्दी एक दिवस इकडे वळवणं अवघड नाही. मात्र वाटाडे गावातलेच हवेत, जेवण गावच्या बचत गटाचं हवं आणि तिकिटाचा ठरलेला वाटा ग्रामसभेकडे जायला हवा. मेंढा-लेखा गावाने याच जिल्ह्यात 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून आपलं जंगल सांभाळून दाखवलं. तेव्हा गावाला हिशेब जमत नाही, असं कुणी म्हणू नये.

सर्वांत आधी एक काम व्हायला हवं. जुन्या खाणीची जागा भूवैज्ञानिक आणि पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन मोजावी, नकाशावर आणावी, आणि तोवर तिथून मुरमाचं एक टोपलंही उचलू देऊ नये. माहितीचे फलक मराठी आणि गोंडी, दोन्ही भाषांत लागावेत. हिवाळी अधिवेशनात पर्यटनाच्या निधीची चर्चा होईल, त्याआधी आपल्या वार्ताहराने वैरागडला येऊन जावं आणि जिल्हा प्रशासनाला ही मोजणी कधी करणार, एवढं विचारावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक
ता. आरमोरी, जि. गडचिरोली