‘जेवलात का?’ विचारून भागत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला मधुमेहावरचा लेख वाचला. माहिती चोख आहे. पण जिथं तिथं ‘जेवणाआधी’, ‘जेवणानंतर’ असं लिहून लेखकानं पुढचं वाचकावर सोपवलंय. नोकरीची सगळी वर्षं वॉर्डात काढलेल्या माझ्यासारखीला ते वाचून गप्प बसवेना.

आमच्या भागात माणूस जेवतो म्हणजे मांडी घालून बसतो, पुढ्यात ताट येतं, कुणीतरी वाढतं. ताटात भाकरी-कालवण, शेवटाला भाताची दोन ढेकळं. एवढं झालं नाही तर तो जेवलेला नसतो, मग पोटात काहीही गेलेलं असो. सकाळी साखर तपासायला रक्त घ्यायचं म्हणून विचारावं, ‘मावशी, जेवला नाहीत ना?’

‘न्हाई बाई, कालच्या रातीपास्नं अन्नाचा कण न्हाई.’

आणि उशाशी बशीत खारीचा चुरा!

‘मग हे काय?’

‘च्यात बुडवून खाल्ली दोन. ते काय जेवान हाय व्हय?’

मावशी खोटं बोलत नसतात. त्यांचं मराठी अगदी बरोबर असतं, कच्चा असतो तो प्रश्न. ‘खाणे’ हे क्रियापद कशालाही चालतं. माणूस मार खातो, पैसे खातो, दुसऱ्याचं डोकं खातो, गाय कडबा खाते. जेवतात मात्र माणसं, आणि नैवेद्य दाखवला की देव. (हल्ली शहरात कुत्रीही जेवतात, ऐकते मी.) ‘जेवीन तर तुपाशी, नाही तर उपाशी’ ही म्हण हट्टी माणसाला लावतात, पण रुग्णांचा हिशेबही तसाच असतो. जेवलो नाही म्हणजे उपाशी. मधल्या चहा-बिस्किटाला, मूठभर शेंगांना त्यात जागाच नाही.

शेतावर जाणाऱ्यांचं आणखी निराळं. दहा-अकराला बांधावर बसून दोन भाकरी, पिठलं आणि शेंगाचटणी खातील, पोटभर खातील, पण त्याला म्हणायचं ‘भाकरी खाल्ली’ किंवा ‘न्याहारी केली’. जेवण रात्रीचं, घरात बसून. आणि ‘आज पाटलाकडं जेवण आहे’ असं कुणी म्हणालं तर तिथं मटणच समजायचं! अशा माणसाला ‘जेवणानंतर एक गोळी’ म्हणून पाकीट दिलं की तो ती रात्रीच घेतो. दिवसातलं सगळ्यात मोठं खाणं न्याहारीला झालेलं असतं, ते गोळीच्या हिशेबात येतच नाही.

याचे परिणाम मी पाहिलेत. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेतली आणि पोटात पुरेसं अन्न गेलं नाही, तर साखर एकदम खाली येते. दरदरून घाम, हात थरथरणं, बोलणं असंबद्ध होणं. घरचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी झालंय, उतारा काढा. तीन चमचे साखर पाण्यातून दिली की बहुतेकदा माणूस थोड्या वेळात ताळ्यावर येतो. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

थायरॉइडच्या गोळीची गंमत उलटी. ती अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढं अर्धा तास तरी चहासुद्धा नाही. ‘जेवणाआधी’ एवढंच सांगितलं तर बाई सकाळी उठून दोनदा चहा घेते आणि बाराला भाकरी थापायच्या आधी गोळी घेते. विचारलं तर म्हणते, जेवणाआधीच घेतली की! आहे काही उत्तर?

सगळ्यात जास्त घोळ ऑपरेशनच्या दिवशी. आदल्या दिवशी बजावलेलं असतं, ‘सकाळी जेवायचं नाही.’ पेशंट जेवत नाहीच, कारण सकाळी सहाला कोण जेवतं? दुधाचा चहा मात्र पिऊन येतो. दूध पोटात गेलं की भूल द्यायला साधारण सहा तास थांबावं लागतं, नाहीतर भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात जायची भीती. मग ऑपरेशन पुढं ढकललं जातं, गावाहून टेम्पो करून आलेले नातेवाईक आमच्यावर चिडतात आणि पेशंट शपथेवर सांगत राहतो की मी जेवलोच नाही.

उपासाचं तर बोलायलाच नको. आमच्या बार्शीला भगवंताचं देऊळ. पंढरपूरची एकादशी करून द्वादशी इथं सोडायची, अशी जुनी रीत, त्यामुळं उपास आमच्या अंगवळणी पडलेला. पण ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हेही आपलेच लोक म्हणून गेलेत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. दोन बशा खिचडी, वर बटाट्याचा कीस आणि केळं हा फराळ झाला, जेवण नव्हे. म्हणून गोळीही नाही. संध्याकाळी साखर तीनशेच्या वर जाते आणि माणूस म्हणतो, ‘आज तर कडकडीत उपास होता.’ दुसरीकडं नवरात्रात खरोखर पाण्यावर राहणाऱ्या बायका असतात, त्या नेमानं गोळ्या घेतात आणि चक्कर येऊन पडतात. दोघांच्या तोंडी शब्द एकच, उपास. रमजानच्या रोज्याचंही असंच. पहाटेची सहरी आणि सूर्य मावळल्यावरचा इफ्तार या दोन वेळा धरून गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्यायला हवं. ‘दुपारच्या जेवणानंतर’ला त्या महिन्यात अर्थच उरत नाही.

मी पुढं पुढं ‘जेवलात का’ हे रक्त घेताना विचारायचं सोडून दिलं. विचारायची ते असं: ‘शेवटचं तोंडात काय घातलं, आणि तेव्हा किती वाजले होते?’ मग बडीशेपेपासून सगळं बाहेर यायचं. ‘जेवणानंतर दोन तासांनी’ तपासणी असेल तर ते दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे, हेही सांगावं लागतं. पंगतीत तास तास बसणाऱ्यांना तर हमखास.

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा सोबत एक साधी चौकट द्या. गोळीचं नाव, अनशापोटी की अन्नाबरोबर, वेळ किती, आणि उपास असेल तर काय करायचं ते डॉक्टरांना विचारून भरायला मोकळी जागा. चहाचा रकाना मात्र वेगळा ठेवा. तो आपल्याकडे कुणी खाण्यातही धरत नाही आणि पिण्यातही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
बार्शी, जि. सोलापूर