डाव्या हाताचे आभार

आदरणीय बाई,
स. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण तुमचं काम चारचौघांना कधी दिसत नाही. प्रयोगाच्या दिवशी वाद्यवृंद येतो, आणि सगळ्या तालमींत एकटीने पियानोवर साथ केलेली बाई प्रेक्षकांत जाऊन बसते. नाव मात्र लिहीत नाही. तुम्हाला ते रुचणार नाही.

'फिडलर ऑन द रूफ' या अमेरिकन संगीत नाटकात मला त्झाइटल मिळाली होती, पाच बहिणींतली थोरली. वरच्या तिघींचं 'मॅचमेकर' हे गाणं वॉल्ट्झमध्ये, म्हणजे तीन मात्रांच्या पाश्चात्त्य नाचाच्या ठेक्यात, आहे, आणि मी त्यातली प्रत्येक मात्रा खिळा ठोकावा तशी ठोकत होते. ओळ संपायच्या आत श्वास संपायचा. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर तुम्ही मला थांबवलंत, उजवा हात मांडीवर ठेवलात आणि फक्त डाव्या हाताने वाजवत राहिलात. खाली एक खर्ज, वर दोन हलके स्वरमेळ. "पहिल्या मात्रेवर पाय टाक. उरलेल्या दोन माझ्या, त्यांची काळजी तू करू नकोस." मी पाय टाकत खोलीभर फिरले. किती फेऱ्या झाल्या कुणास ठाऊक, पण कधीतरी मी गायला लागले होते आणि श्वास पुरत होता.

माझी खरी अडचण तुम्ही नंतर बोलून दाखवलीत. माझ्या कानात दादरा मुरलेला. तिथे सहा मात्रांचं आवर्तन, मध्ये 'खाली', म्हणजे बिनजोराची मात्रा, येते, जीव जरा विसावतो. वॉल्ट्झमध्ये ती खाली नाही. तीन मात्रा झाल्या की पुन्हा सम, लगेच पुन्हा सम. थांबायला जागाच नाही, म्हणून माणूस फिरत राहतो. हे कळलं आणि गाणंही कळलं. धाकट्या दोघी नवऱ्यामुलाची स्वप्नं रंगवतात. मग त्झाइटल लग्न जुळवणाऱ्या येंटेची नक्कल करून त्यांना कसली स्थळं येऊ शकतात ते दाखवते. त्यानंतर तीच चाल परत येते, पण आता मुली घाबरलेल्या आहेत, घाई नको म्हणताहेत. चाल तीच, मागणं उलटं. संगीतकार जेरी बॉक आणि गीतकार शेल्डन हार्निक यांनी १९६४ साली हे किती सहज करून ठेवलंय! मी तोवर ते गोड गाणं समजून गोडच गात होते.

मग तुम्ही मला ऐकायला लावलंत. सगळ्यात आधी संगीत नाटकांचा संगीतकार रिचर्ड रॉजर्स. त्याच्या वॉल्ट्झवर तुमचा जीव आहे, आता माझाही. त्याच्या 'ओक्लाहोमा!'चा पडदा १९४३ साली उघडला तेव्हा मंचावर लोणी घुसळणारी एक बाई आणि विंगेतून येणारा वॉल्ट्झ, एवढंच होतं. त्याच्याच 'साउथ पॅसिफिक'मध्ये प्रेमात पडलेली नायिका नेली तेच ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणत सुटते, कारण तीन मात्रांचं चाक तिला उतरूच देत नाही. पण माझ्या मनात पहिला मान 'कॅरोसेल'चा, १९४५ चा. नेहमीची नांदी नाहीच. पडदा वर जातो, जत्रा, गोल फिरणारे लाकडी घोडे, आणि कितीतरी मिनिटं कुणी बोलत नाही की गात नाही. चक्रावर काम करणारा बिली एका मुलीकडे जरा जास्त वेळ बघतो, चक्राच्या मालकिणीला ते खुपतं. पुढच्या सगळ्या दुःखाचं बीज त्या मूक वॉल्ट्झमध्ये पडलेलं असतं. मी हा भाग आजही एका बैठकीत दोनदा ऐकते.

संगीतकार लेहारच्या 'मेरी विडो' या ऑपेरेटाचं, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतिकेचं, तुम्ही एकदाच सांगितलंत, पण ते रुतून बसलंय. १९०५ ची व्हिएन्ना. नायक दानिलोला प्रेम कबूल करायचं नाही, म्हणून तो आणि नायिका आधी नुसती नाचतात. त्या चालीला शब्द मिळतात ते थेट तिसऱ्या अंकात.

आणि संगीतकार-गीतकार सॉन्डहाइम. 'अ लिटल नाइट म्युझिक' हे १९७३ चं अख्खं नाटक जवळजवळ सगळं तिनाच्या पटीत बांधलेलं आहे. मला आधी तो हट्ट वाटला होता. नंतर पात्रांकडे नीट पाहिलं: प्रत्येक जोडीत एक तिसरं माणूस घुसलेलं. 'सेंड इन द क्लाउन्स' तुम्ही मला मुद्दाम शेवटी दिलंत. त्यातल्या थकलेल्या नटीची भूमिका पहिल्यांदा करणाऱ्या ग्लिनिस जॉन्सला लांब स्वर धरून ठेवता येत नसे, म्हणून सॉन्डहाइमने ओळी आखूड लिहिल्या, श्वासापुरत्या, आणि तेच त्या पात्राचं बोलणं झालं. माझा श्वास तोकडा पडतो म्हणून मी रडले होते, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही हे सांगितलंत. तो दिवस ठरवून निवडला होतात, हे मला फार उशिरा उमगलं.

सॉन्डहाइमच्याच 'फॉलीज'मधलं 'वन मोअर किस' मात्र माझं मी शोधलं. पाडायला निघालेलं थिएटर, तिथे म्हातारी गायिका आणि तिच्याच तरुणपणाची सावली मिळून एक जुन्या वळणाचा वॉल्ट्झ गातात. तरुण आवाज वर चढतो, म्हातारा सांभाळून पाऊल टाकतो. ते ऐकताना मला वर चढणारा आवाज नाही, खालचा डावा हात ऐकू आला. त्या क्षणी तुम्हाला लिहायचं ठरवलं.

'मॅचमेकर'ची तुमची स्वरलिपी इतकी वर्षं माझ्याकडेच राहिली. दुसऱ्या पानावर तुम्ही पहिल्या मात्रेखाली पेन्सिलने छोटं पाऊल काढलं होतं. त्या पानाची प्रत ठेवून घेतलीय. मूळ वही या पत्राच्या मागोमाग तुमच्याकडे पाठवतेय.

तुमची,
थोरली बहीण