लॅबवाल्या काकांना, जाहीर पत्र

आदरणीय काका,
शि. सा. न.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. परवा घरी आले होते तेव्हाही तेच केलंत. म्हणून आता चारचौघांत लिहिते. नाव घालत नाही, पण "कारखान्यातले लॅबवाले काका" म्हटल्यावर विश्रामबागेतल्या आपल्या गल्लीला कळायचं ते कळेलच. त्याला माझा इलाज नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी इंग्लंडमध्ये लीड्सला नोकरी करते. तिथे घरच्यापुरती बियर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही आणि लोक हौसेनं करतात, जशी आपल्याकडे घरोघरी लोणची घालतात. (सांगलीत कुणी माझं बघून सुरू करू नका. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी बियर करणं गुन्हा आहे.) मी पहिल्यांदाच करत होते म्हणून छोटाच घाट घातला. साडेचार लिटर स्टाउट, म्हणजे भाजलेल्या जवाची ती काळी, कडसर बियर. कृती सांगत बसत नाही, ती कुठेही मिळेल. मिळाली नाही ती मदत.

सुरुवातीला एअरलॉकमधून, म्हणजे आतला गॅस बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या नळीतून, छान बुडबुडे येत होते, मग एकदम बंद. हायड्रोमीटर म्हणजे आत साखर किती उरली ते दाखवणारी तरंगती काचनळी; यीस्ट, म्हणजे खमीर, साखर खाईल तसा तिचा आकडा उतरतो. तो १.०४८ वरून निघाला होता, १.०३० वर येऊन अडकला. जिथून सामान घेतलं त्या दुकानात फोन केला. "रंग काळा आलाय ना? मग झालं, भरा बाटल्यांत!" अहो, रंग भाजलेल्या जवाचा असतो, तो पहिल्या उकळीलाच येतो. यीस्टचा त्याच्याशी काय संबंध? ऑफिसातला एक जण वर्षानुवर्षं बियर करतो म्हणे. तो हसला आणि म्हणाला, ओतून दे, परत कर. घरमालकाला हीटर दुरुस्त करा म्हणून सांगून मी थकले होते, त्याचं पालुपद एकच, माणूस येईल. आणि आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर काय काय टोमणे आले ते इथे लिहीत नाही. ज्यांना मी मदत मागितलीच नव्हती त्यांनी सगळ्यात जास्त लिहिलं.

शेवटी आईच म्हणाली, लॅबवाल्या काकांना विचार. लगेच तिची जीभ अडखळली, "पण ते माळकरी गं, त्यांना असलं कसं विचारायचं?" मलाही तेच वाटत होतं. तरी फोन लावला. माझं ऑफिस सुटलं होतं, म्हणजे सांगलीत साडेअकरा होऊन गेले असणार. तुम्ही उचललात. मी चाचरत सुरुवात केली तर मध्येच थांबवून म्हणालात, "काय करतेयस ते राहू दे. सुरुवातीचं रीडिंग किती आणि आत्ताचं किती?"

मी आकडे सांगितले. तुम्ही तोंडीच हिशेब केलात, म्हणजे बारा ब्रिक्सवरून (तुमचं साखर मोजायचं माप) साडेसातवर. डिस्टिलरीत मळीचा वॉश, म्हणजे आंबवायला ठेवलेलं मळीचं पाणी, बघत ज्याची उमर गेली त्याला कागद कशाला लागतोय? मग विचारलंत खोलीत तापमान किती आहे. तेरा, मी म्हटलं. "आमच्या वॉशला तीस-बत्तीस लागायचं. जवाला एवढं नको, पाकिटावर काय लिहिलंय ते वाच. पण तेराला कोण काम करील?"

मग तुम्ही जे म्हणालात त्यासाठीच खरं हे पत्र आहे. "फोन त्या बुडबुड्याच्या नळीजवळ धर. बोलू नकोस."

मी धरला. स्क्रीनवर तुम्ही मान वाकवून कान फोनला लावलेला, गळ्यात तुळशीची माळ, डोळे मनगटावरच्या घड्याळावर. मागे काकू काहीतरी विचारत होत्या, तर त्यांना हातानं गप्प केलंत. कितीतरी वेळ काहीच नाही. माझा हात अवघडला. एवढ्या रात्री ह्या माणसाला मी कशाला बसवून ठेवलंय, असं वाटून फोन बाजूला घेणार, तेवढ्यात एक बुडबुडा फुटला. तुम्ही घड्याळावरून नजर काढली नाहीत. दुसरा येईपर्यंत थांबलात. मग म्हणालात, "झोपलंय. मेलं नाही."

बाटल्या भरू नकोस, हे तीन-तीनदा बजावलंत. एवढी साखर आत ठेवून बूच मारलं तर गॅस जाणार कुठे, बाटली फुटेल, काच डोळ्यात जाईल. त्या दुकानदाराचं ऐकलं असतं तर माझ्या स्वयंपाकघराचं काय झालं असतं, ह्याचा विचार आला की अजून पोटात गोळा येतो. आईनं दिलेली गोधडी भांड्याला गुंडाळायला लावलीत, झाकण न उघडता हलकेच हलवायला लावलंत. आणि ऑफिसातल्या त्या विद्वानानं रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर रसातून साखर मोजायची दुर्बीण) देऊ केला तेव्हा "एकदा अल्कोहोल झालं की ती दुर्बीण खोटं बोलते, हायड्रोमीटरच बघ" हेही तुम्हीच सांगितलंत. यीस्ट जागं झालं. काटा १.०१२ वर आला आणि तिथेच टिकला, तेव्हा कुठे तुम्ही बाटल्यांना परवानगी दिलीत.

स्टाउट चांगली झाली, काका. फेस तपकिरी, दाट. चव कशी आहे हे तुम्ही विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. तुम्हाला शेवटचं रीडिंग हवं होतं, ते ऐकून "हां" म्हणालात आणि फोन ठेवलात.

ज्यांना त्यातलं कळत होतं त्यांनी मला टोलवलं. आणि जो माणूस आयुष्यात तो ग्लास हातात धरणार नाही, तो मध्यरात्री कान लावून बसला. मुलीच्या जातीला हे शोभतं का, हा प्रश्न तुम्ही तेव्हाही विचारला नाहीत, नंतरही नाही, आणि माझ्या आईलाही काही ऐकवलं नाहीत. अशी माणसं गल्लीत एखाददुसरीच असतात, आणि त्यांचं कौतुक करायला गेलं की ती चहा पुढे करतात.

तुमच्यासाठी काचेचा नवा हायड्रोमीटर आणलाय, ब्रिक्सच्या खुणांचा. काकवी मोजा, उसाचा रस मोजा, काहीही करा. मंगळवारी घेऊन येते. नको म्हणायची सोय नाही, पावती मी लीड्सलाच फाडून टाकली आहे.

तुमची,
कोपऱ्यावरच्या घरातली थोरली