आधी त्यांना तुझी काळजी घेऊ दे

प्रिय बाळ,

परदेशातल्या तुझ्या यजमानांच्या घरून आलेला लांबलचक मेसेज मिळाला. मी वाचला, मग बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं, पोरगी घाबरली आहे. मला तसं वाटलं नाही. मला तू चिडलेली वाटलीस, आणि नेमकं कुणावर चिडावं तेच कळत नाहीये म्हणून जास्तच चिडलेली. तू लिहिलंस, आलेय स्वयंसेवक म्हणून मदत करायला आणि घरात साधं ताट उचलू देत नाहीत. दार लावून जरा पडावं तर लगेच कुणीतरी हाक मारतं. सगळे एकदम बोलतात, काही कळत नाही, तरी हसत राहते आणि रात्री गाल दुखतात. गालांचं वाचून बाबा हसले. खरं सांगायचं तर मीही.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू 'हो गं, हो गं' करून विषय मिटवतेस. म्हणून लिहायला बसले.

आधी त्या ताटाचं बोलू. कुठल्याही घरातली कामं कुणाच्या ना कुणाच्या हातात बसलेली असतात. कोण कधी पाणी भरतं, ओलं फडकं कुठे वाळत घालायचं, कुठलं भांडं कशाला वापरायचं नाही, हे कुणी कुणाला सांगत नाही; सगळ्यांना माहीत असतं. तिथे नवं माणूस उत्साहाने घुसलं की घरच्यांचं काम कमी होत नाही, वाढतं. शिवाय आल्या आल्या पाहुणीला कामाला लावलं असं शेजारीपाजारी म्हणतील, ही धास्ती त्यांना असणारच. तेव्हा थोडे दिवस नुसती उभी राहा आणि बघ. पिण्याचं पाणी कुठलं आणि वापरायचं कुठलं, हे तर पहिल्यांदा बघ. ते चुकलं तर नंतरचं सगळंच चुकेल. मग एक दिवस 'मदत करू का?' असं न विचारता हातात फडकं घेऊन 'हे मी पुसू?' असं विचार. पहिल्या प्रश्नाला सगळीकडे 'नको, नको' हेच उत्तर मिळतं. दुसऱ्या प्रश्नाला नाही म्हणणं अवघड जातं. आणि एकच काम धर. रोज तेच, त्याच वेळेला. थोड्या दिवसांनी ते तुझं होईल, आणि तू एखाद्या दिवशी नाही केलंस तर कुणीतरी विचारेल, आज का नाही? तो दिवस आला की मला जरूर कळव.

घरातल्या लहान मुलांना गाठ. मोठी माणसं तुझं चुकलेलं वाक्य समजून घेतल्यासारखं करतात आणि सोडून देतात. मुलं तोंडावर हसतात आणि लगेच दुरुस्तही करतात. त्यांच्याइतका स्वस्त आणि निर्दय मास्तर तुला मिळणार नाही.

पण ताट हे निमित्त झालं. तुझं खरं दुखणं वेगळं आहे, असं मला वाटतं. तू देणारी म्हणून गेलीस. निवड झाली, ट्रेनिंगचं पत्र आलं, सगळ्यांनी कौतुक केलं. आणि तिथे पोचल्यावर कळलं की आपल्याला बाथरूमची कडी सुद्धा नीट लावता येत नाही, आजीबाई काय विचारतायत ते कळत नाही, अंधार पडल्यावर परतीची वाट सापडत नाही. सध्या त्या घरात सगळ्यात कमी गोष्टी येणारं माणूस तू आहेस. हे तुझ्यासारखीला जड जाणारच. मला एवढंच म्हणायचंय की आत्ता काही दिवस त्यांना तुझी काळजी घेऊ दे. परतफेडीची घाई करू नकोस. जो माणूस घ्यायला तयार नसतो, त्याच्याकडून घ्यायला दुसरेही फारसे तयार होत नाहीत, असा माझा अनुभव आहे. आणि नोकरीत मी अशी पुष्कळ माणसं पाहिली आहेत, पण ते राहू दे.

संस्था तुम्हाला घरात का ठेवतात, याचा तू विचार केला आहेस का? खोलीचं भाडं वाचावं म्हणून नव्हे. तू अर्ज भरलास तेव्हापासून मी यावर मिळेल ते वाचत सुटलेय. १९३२ मध्ये डोनाल्ड वॉट नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी 'एक्स्परिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' हा उपक्रम सुरू केला. परक्या देशातली माणसं समजून घ्यायची तर त्यांच्या घरात राहावं लागतं, हा त्यामागचा विचार. सार्जंट श्रायव्हर (सार्जंट हे नावच, हुद्दा नव्हे) १९३४ मध्ये याच उपक्रमातून जर्मनीला जाऊन आले होते, आणि १९६१ मध्ये पीस कॉर्प्स, म्हणजे परदेशी स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकन सरकारची संस्था, निघालं तेव्हा तेच त्याचे पहिले संचालक झाले. सुरुवातीला पीस कॉर्प्सचं बरंचसं ट्रेनिंग अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्येच व्हायचं. पुढे ते ज्या त्या देशात हललं, आणि आता त्यांचे बहुतेक स्वयंसेवक ट्रेनिंगचे साधारण तीन महिने यजमान कुटुंबातच काढतात. वर्गात शिकलेली भाषा बाजारात उघडी पडते, हे त्यांनाही कळलं असणार.

याची दुसरी बाजू कुणी लिहीत नाही. त्या वस्तीत तुला आज कुणी ओळखत नाही. पण त्या घरच्या बाई तुला बरोबर घेऊन रस्त्याने चालतात ना, तेव्हा लोक बघतात आणि ठरवतात की ही अमक्यांच्या घरची. तुझ्यासाठी त्या आपली पत पणाला लावतायत. उद्या तू एखाद्या बैठकीत काही सांगायला उभी राहशील तेव्हा लोक ऐकतील ते तुझ्या पदवीमुळे नाही. तेव्हा 'मला कुठे एकटीला जाऊच देत नाहीत' ही तक्रार जरा बाजूला ठेव आणि त्यांच्याबरोबर हिंड. कोण कुणाशी थांबून बोलतं, कुणाला टाळून पुढे जातं, हे बघत जा. एवढी माहिती कुठल्याही ओरिएंटेशनमध्ये मिळणार नाही.

आता त्या थकव्याविषयी. मानववंशशास्त्रज्ञ कॅलर्व्हो ओबर्ग यांनी १९५४ मध्ये रिओ दि जानेरोमध्ये एक भाषण केलं होतं, 'कल्चर शॉक', म्हणजे परक्या संस्कृतीत पडल्यावर बसणारा धक्का, या विषयावर. १९६० मध्ये ते छापून आलं. त्यात लक्षणांची यादीच आहे: सारखे हात धुणं, पाण्याची आणि अंथरुणाची नको इतकी काळजी, कुठेतरी दूर शून्यात बघत बसणं, जरा उशीर झाला की राग, आपल्याला कुणीतरी फसवतंय अशी भीती, बारीकसारीक दुखण्यांचा बाऊ, आणि घरची अनावर ओढ. वाचताना मला तुझा मेसेज आठवला. म्हणजे तुझ्यात काही बिघडलेलं नाही. सत्तर वर्षांपूर्वीही हे असंच होत होतं.

ओबर्ग म्हणतात की आधी सगळं गोड वाटतं, मग घसरण होते, मग हळूहळू माणूस सावरतं. तुमच्या ट्रेनिंगमध्येही तो वर-खाली जाणारा आलेख दाखवला असेल. तू लिहिलंयस, 'माझा गोड काळ आलाच नाही, डायरेक्ट घसरण.' पण हा आलेख सगळ्यांना लागू पडत नाही. मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच दिसला. तेव्हा आत्ता जड जातंय म्हणून पुढे याहून वाईट होणार, असा हिशेब मांडू नकोस.

आणि दिवसभर परकी भाषा ऐकून डोकं उठतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जेवणानंतर सरळ सांग, डोकं थकलंय, जरा पडते. हे वाक्य पाठच कर त्यांच्या भाषेत. एक वही कर. घराचा नकाशा काढ, कोण कुठे झोपतं, कोण कुणाचं कोण लागतं, नावापुढे ओळखायची खूण: कपाळावर व्रण, मोठा चष्मा, सतत खोकणारे. ही वही कुणाच्या हाती लागेल एवढं धरूनच खुणा लिही म्हणजे झालं.

दाराचं काय करायचं? काही घरांत आजारी माणूस किंवा रुसलेलं माणूसच दार लावून बसतं. तिथे तू दार लावलंस की त्यांच्या जिवाला घोर लागतो, हिला काय झालं? तुमच्या संस्थेच्या कोऑर्डिनेटर बाईंना विचार, तिथे काय समजतात ते. मधला मार्ग असा की सगळ्यांच्या नजरेसमोर बसून एकटं राहायचं. ओट्यावर, पायरीवर, कुठेही वही घेऊन बस. लिहिणाऱ्या माणसाला लोक सहसा छेडत नाहीत. फक्त कानात हेडफोन घालू नकोस.

त्यावरून फोनचं. तुला वाईट वाटेल, पण रोज रात्री फोन करू नकोस. घरातले सगळे एकत्र बसण्याची तीच वेळ असते, आणि त्याच वेळी तू कोपऱ्यात बसून आमच्याशी मराठीत कुजबुजतेस. त्यांना काय वाटत असेल? इथे मला तुझा आवाज ऐकून बरं वाटतं, हे वेगळं. आठवड्यातून एकदा निवांत बोलू. एरवी 'ठीक आहे' एवढा मेसेज पुरे. बाबा याला कबूल नाहीत. त्यांना मी बघून घेते.

पैशांचं थोडक्यात. संस्था त्या कुटुंबाला तुझ्या राहण्याजेवण्याचे काही देते का, त्यात काय काय धरलंय, हे कोऑर्डिनेटरकडून स्पष्ट करून घे. देत असेल तर तू त्यांच्यावर भार नाहीस. पण म्हणून गिऱ्हाइकही नाहीस. महागाच्या भेटी देऊ नकोस. उसने पैसे कुणी मागितले तर पहिल्याच वेळी गोड शब्दांत नाही म्हण.

तब्येतीचं मात्र भिडेखातर काही करायचं नाही. पाण्याची शंका असेल तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू दे. दोन हजार मीटरच्या वर राहत असशील तर तीन मिनिटं. जुलाब लागले तर ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घरातला कुत्रा प्रेमळ आहे म्हणून लिहिलंयस, असेलही. पण कुठलाही प्राणी चावला किंवा ओरखडला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठ, लस आधी घेतली असली तरी. घरातले 'काही होत नाही' म्हणाले तरीही. एखादी गोष्ट खायला नको असेल किंवा सोसत नसेल, तर तेही एकदाच, कोऑर्डिनेटरमार्फत सांगून टाक. रोज ताटात उरवत बसण्यापेक्षा ते बरं.

आता जे मला फोनवर नीट बोलता येत नाही ते. तू लिहिलंस की घर बदलून मागू का. अवघडल्यासारखं होतंय, कंटाळा येतोय, त्यांच्या सवयी जुळत नाहीत, एवढ्यासाठी मागू नकोस. निदान आत्ताच नको. पण भीती ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती तुला ओळखता येते. खोलीला आतून कडी हवी. नसेल तर लावून मागायची, त्यात संकोच कसला? कुणाचं बघणं, अंगाला हात लावणं, दारू पिऊन खोलीशी येणं, यातलं काहीही घडलं तर त्यांना काय वाटेल, ते किती प्रेमाने वागवतात, हा विचार करायचा नाही. तिथून निघायचं, आधी सुरक्षित जागी पोचायचं, मग कोऑर्डिनेटरला फोन, मग आम्हाला. पुरावा गोळा करत बसायचं नाही. संस्थेने चालढकल केली तर थेट वकिलात. ते नंबर मोबाइलमध्ये आहेत ते ठीक, पण कागदावर लिहून पाकिटातही ठेव. चार्जिंग नेमकं तेव्हाच संपतं. वकिलातीत तुझी नोंदणी झाली का, हे तू अजून सांगितलेलं नाहीस. उद्याच्या उद्या कर.

पासपोर्ट आणि विम्याच्या कागदांच्या प्रती मी तुझ्या मेलवर पाठवल्या आहेत. एक छापील प्रत मूळ कागदांपासून वेगळी ठेव.

आणि त्या घरच्या बाईंना माझ्यातर्फे दोन ओळी लिहायच्या आहेत. मी इथे मराठीत लिहून पाठवते, तू घरातल्या त्या मोठ्या मुलीला हाताशी धरून त्यांच्या भाषेत कर. तुझ्याच हाताने लिही, चुका राहू देत. त्यांना कसं संबोधायचं, ताई म्हणतात तसं काही की नुसतं नाव, तेवढं मात्र आधी विचारून कळव.

तुझी,
आई