गोव्याच्या गायींची वही कोण लिहिणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चतुर्थी जवळ आली की दूधटंचाईच्या बातम्या येतात आणि मागोमाग गोवा दुधात स्वयंपूर्ण करण्याची निवेदनेही छापून येतात. त्यांत हिशेब ठरलेला असतो: किती गायींना अनुदान दिले आणि त्यातून किती लिटर दूध वाढेल. गाय वेळेवर गाभण राहिली नाही तर ते दूध येणार कुठून, हे मात्र कोणी विचारत नाही. मी केरी-सत्तरीत गायी पाळते, सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत घालते. माझ्या गोठ्यात संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) आहेत, जर्सी आहे आणि सासूबाईंच्या वेळेपासूनच्या पांढऱ्या गावठी गायींचा वंशही मी राखला आहे. या पत्रातले बोलणे दूध देणाऱ्या बाईचे आहे, तज्ज्ञाचे नव्हे.

आमच्या भागातल्या कोणत्याही दूधवाल्याला विचारा. दराची तक्रार तो करीलच, पण त्याच्या जोडीला दुसरी असतेच: गाय उलटते. म्हणजे भरवली, रेत दिले, तरी गाभण ठरत नाही, २१ दिवसांनी पुन्हा माजावर येते. दर खेपेला तीन आठवडे पेंड, कोंडा, औषधे यांचा खर्च चालू राहतो आणि पुढचे वेत लांबत जाते. वर्षाला एक वेत हे दुधाच्या धंद्याचे गणित आहे. ते दीड-दोन वर्षांवर गेले की दिवसाला पंधरा लिटर देणारी गायसुद्धा परवडत नाही.

गाय का उलटते, याची कारणे अनेक आहेत, म्हणूनच घोळ होतो. माज जेमतेम १२ ते १८ तास टिकतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायचे, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पण एचएफ ही थंड देशातली जात. आमच्याकडच्या दमट उकाड्यात तिचा घामही सुकत नाही, ती खाणे कमी करते, माज रात्रीच येऊन जातो किंवा मुकाच राहतो, म्हणजे बाहेर लक्षण दिसत नाही. पहाटे शेण काढताना शेपटीला नितळ, तार धरणारा सोट दिसला तर कळायचे, एरवी नाही. मग फोन करायचा. द्रव नायट्रोजनच्या किटलीत उणे १९६ अंशांवर ठेवलेली रेताची कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची असते. आमच्याकडे एकदा धो धो पावसात आलेल्या माणसाने मगातल्या पाण्यात बोट घालून अंदाज घेतला आणि कांडी टाकली. मी त्याला दोष देत नाही. एवढ्या गावांना एकटा माणूस, रस्ते असे, आणि हातात साधा थर्मामीटर नाही. पण ती गाय उलटली ती पाण्यामुळे, उशिरामुळे, गर्भाशयाला सूज होती म्हणून की चाऱ्यातल्या उणिवेमुळे, हे शोधायला कोणाकडे काही लिहून ठेवलेले आहे का? कांडी घातल्याची नोंद होते. पुढे काय झाले, हे कोणी विचारायला येत नाही.

चाऱ्याचे म्हणाल तर आमची जमीन लाल जांभ्याची आणि आम्लधर्मी. धुवांधार पावसात चुना धुऊन जातो आणि जे स्फुरद (फॉस्फरस) असते ते लोह-ॲल्युमिनियमला धरून बसते, मुळांना मिळत नाही. अशा जमिनीतल्या गवतात खनिजे कमी असणारच. उन्हाळ्यात तर सगळी भिस्त भाताच्या गवतावर. त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे असलेला कॅल्शियमही जनावराच्या अंगी लागत नाही. दुकानात मिळते ते खनिज मिश्रण कुठल्या जमिनीचा विचार करून बनवले, ते पिशवी वाचून कळत नाही. आमच्या तालुक्यातले गवत आणि आमच्या गायींचे रक्त तपासून प्रमाण ठरवले, तर कितीतरी गायी औषधाविना गाभण राहतील, असे मला मनापासून वाटते. काजूच्या हंगामात बोंडूचा रस काढून उरलेल्या चोथ्याचे ढीग आमच्या डोंगराकडेला कुजत पडतात. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत हा चोथा कोंबड्यांच्या खाद्यात वापरण्याचे प्रयोग झाले आहेत. गायीला किती द्यावा, कसा टिकवावा, हे आम्हाला कोणी गोठ्यात येऊन दाखवले तर त्या उन्हाळ्यात पेंडीचा खर्च खाली येईल.

आता श्वेत कपिलेविषयी, म्हणजे आमच्या पांढऱ्या गावठी गायीविषयी. जुन्या गोव्यात एला येथे असलेल्या याच संस्थेने गोव्यातल्या पांढऱ्या गायींचा अभ्यास केला आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोत ती स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. आगोंद गोवन डुकराचीही तशी नोंद झाली. हे मोठे काम आहे, त्याबद्दल शास्त्रज्ञांचे आभार मानावेत तितके थोडे. माझ्या गोठ्यातली श्वेत कपिला पापण्यांच्या केसांपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी आहे, नाकपुडी गुलाबी. दूध दोन-तीन लिटर, याहून जास्त नाही. पण भर पावसात चिखलात उभी राहिली तरी तिचे खूर सडत नाहीत, गोचीड तिच्या अंगाला कमी चिकटतात, कुळागराच्या कडेचे गवत खाऊन ती भागवते आणि माजावर आली की हंबरून सगळ्या वाड्याला कळवते. पहिल्या खेपेला ठरते.

तिच्यासाठी मी श्वेत कपिला वळूचे रेत मागितले, ते आमच्या भागात मला मिळाले नाही. गावात मोकळा फिरणारा तसा वळू आता उरलेला नाही. जर्सीची कांडी भरा, असा सल्ला मिळाला. प्रत्येक घरी हेच होत गेले, तर आणखी दोन-तीन पिढ्यांत नोंदवहीत जात राहील आणि गोठ्यात गाय राहणार नाही.

केरळात हेच होणार होते. तिथली ठेंगणी वेचूर गाय जवळजवळ संपली होती. १९८९ मध्ये डॉ. सोसम्मा आयप यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन गावोगाव शोधून ती गोळा केली आणि मन्नुथीच्या कृषी विद्यापीठात तिचे प्रजनन सुरू केले. त्यासाठी त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच केरळने दुसरीकडे स्थानिक गायींचा ब्राउन स्विस आणि इतर परदेशी जातींशी संकर करून सुनंदिनी ही संकरित गाय तयार केली. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की वळूंची पारख करण्यासाठी त्यांनी एक-दोन गायी असलेल्या साध्या शेतकऱ्यांच्या दारात जाऊन त्या वळूंच्या लेकींचे, म्हणजे त्यांच्यापासून झालेल्या कालवडींचे, दूध मोजले. सरकारी फार्मवर बसून हे होत नाही. पाऊस, चारा, माणूस, सगळे जिथे असते तिथेच मोजावे लागते.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते ‘गौ चिप’ आणि ‘महिष चिप’ या गायी-म्हशींच्या डीएनए तपासणीच्या चिपांचे अनावरण झाले. वासरू जन्मल्याबरोबर त्याच्या डीएनएवरून पुढे ते कसे निघेल याचा अंदाज घेता येतो, पूर्वीसारखे वळूच्या कालवडी दुधात येईपर्यंत पाच-सहा वर्षे थांबावे लागत नाही. हे वाचून मला फार आनंद झाला. पण ही चिप अंदाज करते तो आधी नोंदवलेल्या गायींच्या दुधावरून, वेतांवरून, आजारांवरून. गोव्यातल्या गायींच्या अशा नोंदी नसतील, तर आमच्या हवेत टिकणारी, आमच्या गवतावर गाभण राहणारी गाय त्या चिपला ओळखता कशी येणार? नुसते लिटर मोजून निवड झाली, तर पुन्हा आम्हाला उलटणाऱ्या गायीच मिळतील.

म्हणून पशुसंवर्धन खाते आणि जुन्या गोव्याची संस्था या दोघांना माझी विनंती आहे. सत्तरी, सांगे, काणकोण अशा दोन-तीन तालुक्यांतले गोठे निवडा. प्रत्येक गायीचा कानातला बिल्ला असतोच. त्या क्रमांकावर माजाची वेळ, भरवल्याची वेळ, कांडी कोणत्या वळूची, ठरली की उलटली, व्याली कधी, आणि महिन्यातून एकदा दोन्ही वेळचे मोजून घेतलेले दूध, एवढे लिहा. हे काम दूध संस्थेच्या सचिवाला किंवा गावातल्या शिकलेल्या मुलीला मानधन देऊन होईल. याच वहीतून चांगले श्वेत कपिला वळू कुठल्या आईच्या पोटी आहेत ते सापडेल, आणि त्यांचे रेत गावच्या दवाखान्यातल्या किटलीत पोचवता येईल.

आणखी एक गोष्ट बायकांच्या वतीने सांगते. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाय गाभडली, म्हणजे तिचा गर्भपात झाला, तर ब्रुसेलोसिस या जंतूंच्या रोगाची शंका घ्यावी लागते. तो रोग माणसालाही होतो: अंगात ताप राहतो, सांधे धरतात, आणि खरा रोग न कळता मलेरियाच्या तपासण्या होत राहतात. गोठ्यात जार (व्याल्यावर पडणारी वार) उचलणारी, घाण धुणारी बाई असते, आणि ती उघड्या हातांनी हे करते. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला एकदा लस टोचली की झाले. दूध संस्थेत जमलेल्या दुधाची या रोगासाठी असलेली रिंग टेस्ट ही साधी तपासणी करून रोग कुठल्या गावात आहे, हे स्वस्तात कळते. वहीत गाभडल्याचीही तारीख असली पाहिजे, आणि त्या घरात दोन जोड रबरी हातमोजे त्याच आठवड्यात पोचले पाहिजेत.

माझ्या गायींच्या माजाच्या, भरवल्याच्या आणि वेताच्या तारखा मी शाळेच्या वहीत लिहून ठेवलेल्या आहेत. कोणत्या कांडीने ठरली नाही, तेही त्यात आहे. संस्थेला अभ्यासासाठी हवी असेल तर ती वही द्यायला आणि महिन्यातून एक दिवस दूध मोजायला गोठा उघडा ठेवायला मी तयार आहे. आमच्या दूध संस्थेतल्या इतर काही घरांनीही तयारी दाखवली आहे.

आपली विश्वासू,
एक दूध उत्पादक शेतकरी,
केरी-सत्तरी, गोवा