उमेच्या दातांचं स्वप्न

प्रिय उमे,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग तुझी काळजी वाटली. दात एकेक करून ओंजळीत गळताहेत आणि तू ते मोजत बसली आहेस! त्यावर तुझ्या आत्येसासूबाईंचा निकाल: दात पडले की घरातलं माणूस जातं, आणि वरचा पडला तर वडीलधारं. तेही मामंजींच्या बायपासची तारीख ठरलेली असताना. धन्य आहे.

पण गंमत म्हणजे आत्याबाईंच्या बाजूने एक ग्रीक माणूस उभा आहे. दुसऱ्या शतकात आर्टेमिडोरसने स्वप्नांवर पाच भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात तोंड म्हणजे घर आणि दात म्हणजे घरातली माणसं; वरचे मानाचे, खालचे दुय्यम, उजवे पुरुष, डाव्या बायका. मात्र तो आत्याबाईंपेक्षा हुशार. स्वप्न कोणाला पडलं, त्याचा धंदा काय, परिस्थिती कशी, हे विचारल्याशिवाय अर्थ सांगू नये म्हणायचा. कर्जदाराचे दात पडले तर कर्ज फिटणार, असंही त्याने लिहून ठेवलंय. तुमच्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत ना अजून? सांग आत्याबाईंना.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याचा स्वप्नांवरचा ग्रंथ 1899 च्या नोव्हेंबरात आला, वर साल मात्र 1900 छापलेलं. तोही माणसाला कोचावर आडवं करून विचारायचा, की या गोष्टीवरून तुला काय काय आठवतं? दातांचे त्याने लावलेले अर्थ पत्रात लिहिण्यासारखे नाहीत, भेटलीस की सांगेन.

मला विचारशील तर तुझ्या स्वप्नात दातांपेक्षा मोजणं मोठं आहे. सध्या तू दिवसभर काय करतेस? गोळ्या मोजतेस, डिपॉझिटचे पैसे मोजतेस, रक्त द्यायला कोण कोण येईल ते बोटांवर मोजतेस. तुकोबांचं आठव. स्वप्नात गुरूंनी मंत्र दिला, आणि त्याच स्वप्नात जेवायला पावशेर तूपही मागितलं, ते द्यायचं राहून गेलं. एवढ्या मोठ्या प्रसंगातही तूप सुटत नाही बघ! तुझ्या मनाने हिशेब सोडला नाही यात अपशकुन कसला?

‘पहाटेचं होतं गं’ असं तू खाली रेघ मारून लिहिलंयस. अगं, ज्या झोपेत डोळे पापण्यांआड भिरभिरतात, त्या झोपेत स्वप्नं जास्त पडतात. साधारण दीड तासाने तिची पाळी येते आणि पहाटेकडे ती लांबत जाते. तेवढ्यात जाग आली की स्वप्न लख्ख आठवतं. खरं होण्याचा त्यात काही संबंध नाही.

आणि एक रोकडं कारण. 2018 मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांना असं दिसलं, की दात पडण्याची स्वप्नं मानसिक त्रासापेक्षा सकाळी दात-हिरड्या-जबडा ताठरलेला असण्याशी जास्त जुळतात. तू तर हॉस्टेलवर असल्यापासून झोपेत दात खातेस. पलीकडच्या कॉटवर मीच झोपायचे. तेव्हा दंतवैद्याकडे जाऊन ये, मामंजींच्या ऑपरेशनआधीच. नंतर तुला वेळ मिळायचा नाही.

त्या दिवशी मी येतेय. डबा माझ्याकडे, रक्तासाठी आमच्याकडची दोन माणसं पक्की. तुझ्या यादीतून तेवढं खोडून टाक.

तुझी,
मंदा